खारकोवची मय्यत

टेपरेकॉर्डर मुरारीचा होता, म्हणून टेपरेकॉर्डरबरोबर मुरारीही नूरमोहम्मदच्या घरी आला. आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्याच दिवाळीत त्यानं ते मशीन घेतलं आणि तेव्हापासून चाकणात कुणाचा साखरपुडा असो की कुणाचं बारसं, मुरारी मशीन काखेत मारून हजर. दुसऱ्याच्या हातात देत नसे. "नाजूक वस्तू हाय," म्हणायचा. नाजूकबिजूक काही नव्हतं. त्याला लोकांच्या घरात बसून लोकांचं ऐकायला आवडायचं, आणि हे त्यानं कधी लपवलं नाही. म्हणून लोक त्याला चहा देत.

गुरुवार होता. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि लाइटलाही सुट्टी. नूरमोहम्मदच्या मुलानं, करीमनं, गॅरेजमधून येताना चार नवे सेल आणले होते. मशीनच्या पोटाचं झाकण कधीच हरवलेलं. सेल जागेवर राहावेत म्हणून मुरारी विडीच्या बंडलाचा कागद दुमडून तिथं कोंबायचा. तो कोंबत होता आणि सगळं घर त्याच्या बोटांकडे बघत होतं. आलेल्या कॅसेटमध्ये करीमची बहीण होती, दीड वर्षापूर्वी डॉक्टर व्हायला रशियात, खारकोवला गेलेली ताहेरा.

ताहेराची फुफी, म्हणजे आत्या, गौहर उंबऱ्याबाहेर बसली होती. सकाळीच ती आळंदी फाट्याजवळच्या एका घरची मय्यत धुऊन आली होती. अंघोळ झाली होती, कपडे बदलले होते, तरी बाहेरच. मय्यत धुतल्या दिवशी गौहरनं चुलीला शिवायचं नाही, माठाला शिवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही, असा या घराचा रिवाज. कुठल्या किताबात लिहिलंय? कुठल्याच नाही. शेजाऱ्यांचा विटाळ बघून बघून यांनी उचलला आणि आपलाच म्हणून मिरवला. धाकटा भाऊ नूरमोहम्मद पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात वीस वर्षं बाटल्या धुतो. त्याला लोक 'कंपनीत आहे' म्हणतात, वाटेत सलाम करतात. थोरली बहीण तीस वर्षं माणसं धुते; तिचा कप वेगळा, कड उडालेला, बाहेरच्या खिळ्याला टांगलेला. आणि त्याच लोकांच्या घरात बाई मेली की पहिला माणूस धावत येतो तो गौहरकडेच.

तिला आता या गोष्टीचा राग येत नसे. राग येऊन येऊन गुळगुळीत झाला होता, अंगणातल्या धुण्याच्या दगडासारखा.

"लाव रे," रहिमान म्हणाला. तो एकटाच खुर्चीवर होता. गौहरच्या पाठचा, नूरमोहम्मदच्या आधीचा. भोसरीच्या कारखान्यांचं भंगार उचलायचा, मशिदीच्या कमिटीत होता, आणि करीमचं गॅरेज त्याच्याच जागेत होतं. त्यामुळे या घरात तो बोलायच्या आधी कुणी बोलत नसे.

"थांबा, बडे अब्बा, सेल सरकतोय," करीम म्हणाला.

"रशियाचा आवाज हाय, टाइम लागणारच," मुरारी म्हणाला आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खोकलं. मग ताहेरा.

"अस्सलाम आलेकुम अब्बा, अम्मी, फुफी, बडे अब्बा, करीमभाई. आणि मुरारीभाऊ, तुम्ही असणारच, तुम्हाला नमस्कार."

मुरारी एवढा खूश झाला की त्यानं मशीनलाच हात जोडले.

"ही कॅसेट माझ्या वर्गातली मुलगी आणतेय, दिघीच्या लष्करी क्वार्टरमधली. ती सतरा तारखेला, रविवारी परत निघेल. जे काय सांगायचं ते तिच्याबरोबर सांगा. पत्र जायला महिना, उत्तर यायला महिना, आणि माझ्याकडे दोन महिने नाहीत."

"म्हणजे काय?" ताजुन्निसानं विचारलं. ताहेराची आई. ती मशीनच्या इतकी जवळ बसली होती की तिचा पदर बटणांवर आला होता.

"वहिनी, मशीनला ऐकू येत न्हाई. पदर बाजूला घ्या," मुरारी म्हणाला.

ताहेरा सांगत होती. पहिलं वर्ष नुसती भाषा. एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या पंचवीस-पंचवीस वर्षांच्या घोड्यांना बोट दाखवून शिकवायच्या: हे दार, ही खिडकी, हा माझा हात. सुदानचा एक मुलगा दाढी खाजवत म्हणायचा, हा माझा हात. खोलीत तिघी. खिडकीला काचा दोन-दोन. थंडी लागली की मधल्या फटीत कापूस भरून वरून कागद चिकटवायचा. दोन काचांच्या मध्ये दुधाची बाटली ठेवली की फ्रिज. जेवायला कोबी, बटाटा, कोबी. मांसाची भीती वाटते, कशाचं आहे ते विचारायचे शब्द येईपर्यंत तीन महिने तिनं मांस खाल्लं नव्हतं.

"बघा," रहिमान म्हणाला. "उपाशी."

"पुढं ऐका तर," करीम म्हणाला.

"आता खाते. मासे खाते. अम्मी, रडू नको, माझं वजन चार किलोनं वाढलंय." ताजुन्निसा खरंच रडत होती, तिनं दचकून डोळे पुसले. "दुसऱ्या वर्षी खरं सुरू झालं. सप्टेंबरपासून हाडं. हाडांची नावं लॅटिनमध्ये, समजवायचं रशियनमध्ये, आणि रात्री रडायचं मराठीत. एका हाडावर किती खाचा असतात, फुफी! प्रत्येक खाचेला नाव आहे. मी एकेक हाड दुपट्ट्याखाली धरून डोळे मिटून ओळखते. वर्गात मला हाडांत पैकीच्या पैकी."

गौहर हसली. पोर दहा वर्षांची असल्यापासून तिच्या मागं तोटीचा लोटा घेऊन यायची. गौहरनं हात पुढं केला की त्या हातावर पाणी, थांबव म्हटलं की थांब. मागं-पुढं न बघणारी पोर. ताजुन्निसानं किती वेळा शिव्या घातल्या होत्या, माझ्या मुलीला मुडद्यांची सवय लावताय म्हणून.

टेपमध्ये ताहेरा थांबली. नळाचं पाणी वाहिल्यासारखा आवाज आला. मग ती हळू बोलू लागली.

"डिसेंबरात पहिलं प्रेत आलं. त्यांच्याकडे हौद असतो, औषधाच्या पाण्याचा. त्यातून काढतात. वासानं डोळ्यांतून धार लागते. आम्ही एका टेबलाला आठ जण. शिकवणाऱ्या बाईंना यायला उशीर होता. चादर काढली तर म्हातारी बाई. बाकीचे सात जण मागं सरकले, एक मुलगा खाली बसला. आणि मला काय झालं मला कळलं नाही. ती उघडी होती हो, अम्मी. आठ जणांसमोर उघडी. मी चादर परत घातली, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत. कोपऱ्यात नळ होता, गरम पाण्याचा. बादली भरली. खिशात साबण होता. आणि मी तिला धुतलं. आधी हात, मग तोंड, मग उजवी बाजू, मग डावी. तीन वेळा. बोरीचा पाला नव्हता, कापूर नव्हता. केसांच्या तीन वेण्या घालायला गेले तर केसच नव्हते, काढून टाकलेले. तिथं माझे हात थांबले. मग मी माझा दुपट्टा तिच्यावर पांघरला, आणि दुआ म्हणत होते तेव्हा बाई आत आल्या."

"बंद कर," रहिमान म्हणाला.

मुरारीनं करीमकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतो? बंद कर म्हणतो मी!"

खट्. अंगणात कोंबड्या उकरत होत्या, तेवढाच आवाज.

मुरारीच्या लक्षात आलं की आता चहा काही मिळत नाही. "मी जरा भाईर थांबू का?"

"बस खाली," करीम म्हणाला. "मशीन तुझ्याशिवाय चालत नाही ना? मग बस."

"ऐकलं?" रहिमाननं खुर्ची पुढं ओढली. "ऐकलं का नूर? मी काय म्हणत होतो? मुलगी परदेशी धाडली, फुकट शिकायला वजिफा मिळाला म्हणून नाचलात. आता काय करते? मुडदे हाताळते. पोरांबरोबर. उघडे. आज म्हातारी होती, उद्या पुरुष असेल. मुडद्याला सुरी लावणं हराम, हे मौलवीसाहेबांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आणि त्यावर हे, काफर बाईला गुसल, मय्यतीची अंघोळ! ना इकडची, ना तिकडची. पिंपरीच्या त्या स्पेअरपार्टवाल्यांनी मागणी घातलीय. थांबतो म्हणाले, मुलगी परत आणा. हे त्यांच्या कानावर गेलं तर थांबतील?"

"त्यांच्या कानावर कोण घालणार?" करीमनं विचारलं.

"जास्त बोलू नको. गॅरेजच्या शटरवर नाव तुझं असलं तरी खाली जमीन कुणाची हाय ते बघ."

करीमचे कान तापले. हे गौहरनं पाहिलं. सव्वीस वर्षांचा, ट्रकचं इंजिन एकट्यानं उतरवणारा जवान. एका वाक्यात त्याचा पोर झाला. या घरातली सगळी माणसं अशीच कुणा ना कुणाच्या जमिनीवर उभी होती, आणि ज्याची जमीन तो अल्लाचं नाव घेऊन बोलत होता.

रहिमाननं खिशातून कागद काढला. तारेचा फॉर्म. पोस्टातून आधीच आणून, भरून ठेवलेला. इंग्रजीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेला.

"आई गंभीर. ताबडतोब निघ. एवढंच लिहिलंय. नूर, खाली तुझं नाव हाय. सही कर, मी आजच्या आज टाकतो."

नूरमोहम्मदनं कागद हातात घेतला. त्याची बोटं कायम पांढरी, सुरकुतलेली असत. सोड्याच्या पाण्यात वीस वर्षं बुडलेली. त्यानं कागद वाचला नाही, नुसता धरला.

"मी आजारी?" ताजुन्निसा म्हणाली.

"तारेत. खोटं थोडंच हाय, रडून रडून आजारी पडशीलच."

ताजुन्निसानं नाक ओढलं. "येऊ दे तिला," ती म्हणाली. "मला नको तसली डाक्टरीण. मला माझी पोरगी पायजे. आपांनीच केलं हे सगळं. लहानपणी लोटा हातात दिला, तो सुटलाच न्हाई तिच्या हातून. तिथं त्या गोऱ्या लोकांत जाऊन बी लोटाच!"

तिचं काही खोटं नव्हतं.

"पुढं लाव," गौहर म्हणाली.

"पुढं काय राहिलंय?" रहिमान म्हणाला.

"पोरीचं बोलणं राहिलंय. मुरारी, पुढं लाव."

मुरारी मोठा हुशार. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

"…आल्या. त्यांचं नाव ल्युदमिला पावलोव्ना. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे काय करतेस? मी म्हटलं, धुते. त्या म्हणाल्या, औषध धुऊन निघालं तर प्रेत टिकायचं कसं? मला हे सुचलंच नव्हतं. मग कुणीतरी वर कळवलं. डीनसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, हे विज्ञानाचं घर आहे, इथं धर्माचे विधी चालत नाहीत. तेव्हा ल्युदमिला पावलोव्ना मध्ये पडल्या. म्हणाल्या, सात जण भिंतीला चिकटून उभे होते आणि ही एकटी हात लावत होती. हिला घालवून मी त्या सातांना शिकवू? म्हणून मी राहिले. पण, फुफी, आता जे सांगते ते तुमच्यासाठी आहे."

गौहरनं मान वर केली.

"त्या दिवसापासून मला सुरी चालवता येत नाही. भीती नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण धुतलेल्या मय्यतीला आपण परत काही करत नाही ना? गुसल झाला की कफन, कफन झालं की जमीन. तुम्हीच शिकवलंत. मी या म्हातारीला धुतलं. ही आता जायला तयार आहे, आणि मी हिलाच रोज कापायचं? बाकीचे सात कापतात. मी पाय धरते, दिवा धरते, नावं सांगते. बाईंना कळलंय. त्यांनी वीस मार्चपर्यंत मुदत दिलीय. तोपर्यंत एक पूर्ण हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, मी एकटीनं सुरीनं सोडवून दाखवायचा. नाही जमलं तर नाव कमी, वजिफा बंद, आणि घरी. इथं मी कुणाला विचारू? त्यांना वाटेल मी वेडी आहे. मौलवींना विचारू नका, ते नाहीच म्हणतील, आणि त्यांनी कधी मय्यतीला हात लावलेला नाही. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात कर, तर करीन. नको म्हणालात, तर येईन. कॅसेटची दुसरी बाजू कोरी ठेवलीय, फुफी. तुमच्यासाठी."

खरखर. मग तीही संपली.

रहिमान हसला. "हे बरं झालं. पोरगी स्वतःच म्हणते येईन. आपा, तू फक्त नको म्हण. तारेचं खोटंही बोलायला नको. तुला तर माहीत हाय, धुतलेल्या मय्यतीला सुरी लावत न्हाईत."

"व्हय," गौहर म्हणाली. "माहीत आहे."

"मग झालं तर."

"एक सांग रहिमान, पोरगी डॉक्टर झाली न्हाई तर काय होईल?"

"काय व्हायचंय? आजवर कुणाचं अडलंय आपल्या घरात?"

"हाजराचं अडलं होतं."

ते नाव त्या घरात एकोणीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. हाजरा म्हणजे रहिमानची पहिली बायको. करीमला ती अंधूक आठवत होती, कैऱ्या फोडून देणारी. ताजुन्निसा तर ती गेली तेव्हा तान्ह्या ताहेराला घेऊन माहेरीच होती. परत आली तेव्हा तिला सांगितलं गेलं, तापानं गेली. चाकणातल्या सगळ्यांना तेच माहीत होतं. ताप.

गौहरला ताप माहीत नव्हता. तिला दोन दिवस आणि दोन रात्री माहीत होत्या. अडलेलं मूल, सोजरबाई सुईणीनं हात टेकलेले, खेडच्या दवाखान्यात न्यायला बाहेर उभी असलेली बैलगाडी, आणि दारात उभा असलेला रहिमान: परका मर्द डॉक्टर माझ्या बायकोला बघणार नाही. मग धुताना तिनं जे पाहिलं. तेव्हा ती तिशीची होती, आणि त्या दिवशी पाणी घालायला मदतीला कुणी नव्हतं, तिनं एका हातानं लोटा ओतत दुसऱ्या हातानं धुतलं होतं.

"ती तापानं गेली," रहिमान म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"मी धुतलं तिला. मय्यत धुणारीनं जे बघितलं ते बोलायचं न्हाई, अशी आम्हाला सक्त मनाई आहे. म्हणून एकोणीस वर्षं बोलले न्हाई. भावाची आब्रू म्हणून न्हाई; हाजराची आब्रू म्हणून. आजही आपणहून बोलणार न्हाई. पण तू तिचा नवरा होतास. तुला विचारायचा हक्क आहे. विचार. सगळ्यांपुढं विचार, आपा, तू काय बघितलंस? मग सांगते. आणि मग टाक तार."

रहिमाननं तिच्याकडे पाहिलं. मशिदीच्या कमिटीतला माणूस, शंभर माणसांत बोलणारा. कपाळावर घाम आला होता, आणि फेब्रुवारीत चाकणात काही एवढं उकडत नाही.

"विचार," गौहर पुन्हा म्हणाली.

"तुझं डोकं फिरलंय," तो म्हणाला. मग उठला. उंबऱ्याला लागूनच गौहर बसलेली; तिला वळसा घालून जायला जेमतेम वीतभर जागा होती. तो उभा राहिला. ती सरकली नाही. शेवटी त्यानं तिला ओलांडलं नाही, भिंतीला अंग घासत बाजूनं गेला, आणि चपला घालताना डाव्या पायात उजवी घातली.

"गॅरेज…" करीम पुटपुटला.

"गेलं तर गेलं," नूरमोहम्मद म्हणाला. त्या दुपारचं त्याचं हे पहिलं वाक्य. "ट्रक काय रस्त्यावर दुरुस्त होत न्हाईत?"

बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बाटली बोलली.

ताजुन्निसा उठून उंबऱ्यापाशी आली. तिला बरंच विचारायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण काय विचारायचं नाही तेही तिला आत्ताच कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आपा, आत या."

"आज मी मय्यत धुतलीय."

"माहीत हाय मला. आत या. तिथनं आवाज भरायचा न्हाई मशीनमदी."

गौहरनं उंबरा ओलांडला. माठ होता तिथंच राहिला, चूल होती तिथंच राहिली. काही फुटलं नाही, काही विझलं नाही.

मुरारीनं कॅसेट काढून उलटी घातली. मशीन आडवं झालं तसा विडीचा कागद पडला आणि दोन सेल घरंगळत खाटेखाली गेले. करीमनं ते काढले. मुरारी कागद बघत म्हणाला, "ह्यो कागद फाटला आता. जाड कागद बघा कायतरी, न्हाईतर बोलता बोलता बंद पडंल."

नूरमोहम्मदच्या हातात अजून तारेचा फॉर्म होता. त्यानं तो एकदा दुमडला, दोनदा दुमडला, आणखी एकदा, आणि आपल्या पांढऱ्या बोटांनी मशीनच्या पोटात नीट बसवला. सेल हलले नाहीत.

"झ्याक," मुरारी म्हणाला. "फुफी, लाल बटण दाबलं की बोलायचं. घाबरायचं न्हाई. लई मोठ्यांदा बी न्हाई."

गौहरला मोठ्यांदा बोलायची सवयच नव्हती. तिच्या धंद्यात समोरचा ऐकत नसतो. ती मशीनसमोर मांडी घालून बसली, ओढणी डोक्यावर सारखी केली. मग लक्षात आलं, उत्तर तर ठरलेलंच नाही. रहिमानला गप्प करणं सोपं होतं. पोरीचा प्रश्न खोटा नव्हता. गुसल झाल्यावर कफन, कफन झाल्यावर जमीन. हे तिनंच शिकवलेलं. नुसतं 'कर' म्हटलं तर पोर करेल, पण मन मारून करेल, आणि जन्मभर त्या म्हातारीला घाबरेल.

"दाबू?" मुरारीनं विचारलं.

"थांब."

ती दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून बसली. या हातांनी किती धुतल्या? मोजल्या नव्हत्या. त्यातली एक तिला आठवली. मग तिनंच बोट पुढं करून लाल बटण दाबलं.

"ताहेरा. मी गौहर बोलते. तुझं सगळं ऐकलं. दुधाची बाटली काचंत ठेवते ते बरं करते.

"आता ऐक. तू इथं असतानाची गोष्ट, पण तुला नेलं न्हवतं मी त्या दिवशी. चिंचवडच्या पुलापाशी एक बाई ट्रकखाली आली. घरच्यांनी घाई केली, मला बोलावलं, मी धुतली. कफन घातलं. तेवढ्यात पोलीस आले. म्हणाले, डॉक्टर फाडून बघणार. घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आणली ती गळ्यापासून खालपर्यंत शिवलेली, जाड दोऱ्यानं, गोणी शिवतात तशी. घरच्या बाया किंचाळल्या. मौलवी तोंड फिरवून उभे. मी काय केलं? परत पाणी तापवलं. परत धुतली. शिवणीवरून हात हलका फिरवला. परत कफन घातलं. आणि जमिनीनं घेतली की तिला. परत पाठवली न्हाई.

"तेव्हा पहिलं धुणं वाया गेलं का? न्हाई गं. ते तोंड धुणं झालं. माणूस कामाला निघताना तोंड धुतो की न्हाई? तुझी म्हातारी कामाला आलीय तिथं. तिची ड्यूटी चालू आहे. तुम्हा आठ जणांना शिकवायचं काम. तिला सकाळी कुणी तोंड धुवायला पाणी दिलं नसेल, ते तू दिलंस. चांगलं केलंस. पण सुट्टी झाली न्हाई अजून तिची. तू तिला मधेच कफन घालायला निघालीस, तिथं चुकलीस. घाई केलीस.

"सुरी चालव. उजव्या हातापासून कर, तुला सवय आहे. बिस्मिल्ला मनात म्हण, ओठ हलवू नको, ते तुझे साहेब रागावतील. लागेल तेवढंच उघड, बाकीच्यावर चादर राहू दे. पोरं हसली तर तू हसू नको. काय दिसलं ते बाईंना सांग, वहीत लिही. बाहेर गप्पांत सांगू नको. हे दोन्हीकडं सारखंच आहे, आम्हा धुणाऱ्यांतही आणि तुम्हा डॉक्टरांतही.

"मुलगी आजारी आहे, बाळंतीण अडलीय, असं कुणी सांगत आलं, तर तू बाई आहेस म्हणून तिला दाखवतील. एवढ्यासाठी शीक. दुसरं काय कारण मला सुचत न्हाई."

ती थांबली. ताजुन्निसा पदर तोंडाशी धरून बसली होती. मुरारीनं बोटानं विचारलं, बंद करू? गौहरनं मान हलवली, नको.

"आणि वर्ष संपलं, तुमचं सगळ्यांचं शिकून झालं, म्हणजे तिला पुरतील की जाळतील, मला माहीत न्हाई. तेव्हा बाईंना विचार. त्या म्हणाल्या होत्या ना, हात लावणारी एकच आहे? त्या न्हाई म्हणणार न्हाईत. तेव्हा धू तिला. नीट धू, सगळी, जिथं जिथं तुम्ही उघडलंय तिथं पण. बोरीचा पाला नसला तरी चालतो.

"पाणी कोमट घे. तिकडं थंडी फार आहे म्हणतेस."